सोमाली माणसाला (आणि बाईला) हाक कशी मारायची: वर्या, वलाल, अदेर आणि बाकीची भानगड

नैरोबीत येऊन मला नऊ वर्षं झाली. मूळचा सांगलीचा, औषधांच्या होलसेलमध्ये आहे, आणि गिऱ्हाइकं बघायला गेलं तर निम्म्याहून जास्त सोमाली, सगळी इस्लीतली. इस्ली म्हणजे ईस्टली, नैरोबीतलं सोमाली लोकांचं मोठं मार्केट, जिथे पडद्याच्या कापडापासून सोन्यापर्यंत सगळं मिळतं आणि अर्ध्या दुकानांच्या गल्ल्यावर बायका बसलेल्या असतात. आता नवीन मराठी पोरं इकडे नोकरीला यायला लागलीत, कोणी मिनियापोलिसला जातं तिथेही शेजारी सोमाली, पुण्यात शिकायला येणारे सोमाली विद्यार्थी आहेतच, आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, की भाषा येत नाही ठीक आहे पण निदान हाक तरी नीट कशी मारायची, आणि बाईशी बोलताना काय म्हणायचं. तर मी जे मार खाऊन शिकलो ते लिहितो.

मार म्हणजे खरा नाही. पहिल्याच महिन्यात मी एका मेडिकलमध्ये रोज ऐकायचो, मालक माल उतरवणाऱ्या पोराला ओरडायचा 'वर्या!', पोरगं दुसऱ्या पोराला 'वर्या!', रस्त्यावर सगळीकडे वर्या वर्या. मला वाटलं हा यांचा नमस्कार असणार. दुसऱ्या दिवशी ऐटीत दुकानात शिरलो, गल्ल्यावर मालकाचे वडील बसलेले, मेंदीने लाल केलेली दाढी, हातात काठी, आणि मी त्यांना दारातूनच मोठ्याने 'वर्या!' केलं. दुकान गप्प. म्हातारबाबांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि चक्क हिंदीत विचारलं, "क्या बोला?" (मोगादिशूतल्या त्या पिढीने हिंदी पिक्चर भरपूर पाहिलेत, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त घाम फुटला.)

'वर्या' म्हणजे आपलं 'अरे' किंवा 'ए'. फक्त पुरुषाला. बाईला त्याच जागी 'ना' किंवा 'नाया', म्हणजे आपलं 'अगं', 'ए बाई'. बोलणारा कोण आहे याने फरक पडत नाही, ऐकणारा पुरुष की बाई यावर शब्द ठरतो, अगदी आपल्या अरे-अगं सारखं. बोलता बोलता वाक्याच्या आधीही लागतं, 'वार हेडे', 'ना हेडे', म्हणजे 'अरे ऐक', 'अगं ऐक'. आपल्याला हे लगेच पचतं, इंग्रजीवाल्यांना समजावताना जीव जातो.

पण इथेच फसायला होतं. आपलं 'अगं' प्रेमाचंही असतं. आपण आईला 'अगं आई' म्हणतो आणि बाबांना मात्र 'अहो बाबा', आणि त्यात आईला कमी लेखलं असं कुणालाच वाटत नाही. सोमालीत आईला 'ना' म्हणून बघा, पायातलं काढेल. 'वर्या' निदान मित्रामित्रांत चालून जातं, हसत खेळत, पण 'नाया' बऱ्याच बायकांना सरळ अपमान वाटतो, विशेषतः अनोळखी पुरुषाने म्हटलं की. बहिणी बहिणी आपसात म्हणतील, आई पोरीला ओरडताना म्हणेल, मैत्रिणी गप्पा मारताना म्हणतील. तुम्ही पुरुष असाल तर हा शब्द तुमच्या तोंडी नकोच, ओळख कितीही असली तरी. आणि वर्या फक्त बरोबरीच्या किंवा लहान पोराला, तेही दोस्ती झाल्यावर.

आता प्रत्येक मराठी माणूस पुढची चूक करतो ती म्हणजे 'तुम्ही' शोधायला लागतो. अरे झालं, अगं झालं, मग 'अहो' कुठाय? तर 'अहो' नाहीये. एकाला 'अदिगा' म्हणजे तू, अनेकांना 'इदिन्का' म्हणजे तुम्ही लोक. रोजच्या बोलण्यात आजोबांनाही तूच, पोरालाही तूच, मालकालाही तूच. मी सुरुवातीला एकट्या माणसाला अनेकवचन लावून 'आहो जाहो' करायचा प्रयत्न करायचो, समोरचा मागे वळून बघायचा की अजून कोण आलंय बरोबर.

आणि दुसरी गंमत, क्रियापदात स्त्री-पुरुष नाही, निदान समोरच्याशी बोलताना नाही. आपण 'तू आलास', 'तू आलीस' करतो, तिथे दोघांनाही एकच रूप. 'तो आला' 'ती आली' याला वेगळं आहे, पण ते तिसऱ्याबद्दल बोलताना. म्हणजे बघा, मराठीत बाई-पुरुष आणि मान दोन्ही क्रियापदातच भरलेलं असतं, 'या', 'ये', 'आलीस का', 'आलात का', हाक मारली नाही तरी सगळं कळतं. सोमालीत क्रियापद कोरडं. मान, वय, बाई-पुरुष, माहेर-सासर, सगळं त्या हाकेच्या एका शब्दात. म्हणून हाक गाळून नुसतं वाक्य बोललात, व्याकरण शंभर टक्के बरोबर असलं तरी, ते उद्धट वाटू शकतं. 'पाणी दे' आणि 'एद्दो (म्हणजे आत्या), पाणी दे' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून 'प्लीज'साठी 'फदलन' पाठ करण्याआधी हे शब्द पाठ करा.

सगळ्यात पहिला शब्द 'वलाल'. भावंड. भाऊही तोच, बहीणही तीच, अनोळखी माणसालाही चालतो, बाईलाही चालतो. वय साधारण तुमच्या आसपास असलं की डोळे झाकून वलाल. टॅक्सीवाला, बँकेतली मुलगी, रांगेत पुढे उभा असलेला माणूस, सगळे वलाल. 'माझी बहीण' म्हणायचं तर 'वलाशय', 'माझा भाऊ' म्हणजे 'वलाल्कय', पण हाकेला नुसतं वलाल पुरतं. बाईशी बोलताना हा शब्द मला सगळ्यात सेफ वाटतो, कारण पहिल्याच शब्दात नातं भावाबहिणीचं करून टाकलं की समोरची बाईही मोकळी होते, मग हिशोबावरून भांडायलाही मोकळी, ते वेगळं. आणि भाषण वगैरे करायची वेळ आलीच तर 'वलालयाल', म्हणजे बंधू-भगिनींनो, दोन्ही एकाच शब्दात.

आता मोठी माणसं. इथे आपण मराठी लोक मजेत असतो. इंग्रजीवाले अंकल-आंटीत सगळं उरकतात, सोमालीत मात्र चारही खाती वेगळी, आणि ती चारही आपल्याकडे आहेत. काका म्हणजे 'अदेर'. आत्या म्हणजे 'एद्दो'. मामा म्हणजे 'अब्ती'. मावशी म्हणजे 'हबरयर'. आजोबा 'अवोवे', आजी 'अयेयो'. बस, मला पाठ करायला पाच मिनिटं लागली, माझ्याबरोबरचा एक इंग्रज सेल्समन दोन वर्षं झाली तरी अजून अदेर आणि अब्तीत गोंधळतो. 'हबरयर'ची फोड तर बघा, हबर म्हणजे म्हातारी किंवा आई, यर म्हणजे लहान, म्हणजे 'लहान आई'. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

अनोळखी वयस्क पुरुषाला 'अदेर' म्हणा आणि वयस्क बाईला 'एद्दो', हा सरळ मार्ग. अब्ती आणि हबरयरही अनोळखी लोकांना म्हणतात, त्यात थोडी जास्त माया आहे, मामा-मावशीत असते तशी. पण लक्षात घ्या, काका-आत्या हे बापाच्या कुळातले आणि मामा-मावशी आईच्या, आणि सोमाली लोकांत कूळ ही फार मोठी गोष्ट आहे, त्यामुळे ओळखीच्या घरात कोण कुणाला काय म्हणतंय ते आधी ऐका मग तोंड उघडा. आपण बाहेरचे, आपल्याला माफ असतं, तरी पण. आणि कुणाला 'तू कुठल्या कुळाचा' हे विचारायचं नाही, ते आपल्याकडे 'आडनाव काय तुमचं?' विचारण्यासारखं आहे, दिसायला साधं आणि आत भलतंच.

एक नैरोबीपुरती वॉर्निंग. इथे स्वाहिली पण चालते आणि स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण, 'काका' म्हणजे भाऊ. मी एकदा सोमाली दुकानात, केनियन हेल्परसमोर, फोनवर आमच्या दादाशी मराठीत बोलत होतो, दादा दादा दादा, तो बिचारा अर्धा तास समजत होता की मी बहिणीशी भांडतोय.

आता येते खरी भानगड, जी कुठल्याच फ्रेजबुकात धड सांगितलेली मला दिसली नाही.

त्या वर्या प्रकरणानंतर आठवडाभराने मी परत त्या दुकानात गेलो, मान खाली घालून. म्हातारबाबा म्हणाले, "अदेर, फडीसो." फडीसो म्हणजे बस. मी बसलो. मग फ्लास्कमधला चहा पुढे केला, वेलची, दालचिनी, लवंग घातलेला, साखर आपल्या बासुंदीला लाजवेल इतकी, आणि परत "अदेर, शाह अब", चहा पी. मला कळेना. अदेर म्हणजे काका ना? मी तिशीतला, हे सत्तरीचे, मी यांचा काका? मला वाटलं वर्याचा राग अजून गेला नाही, टोमणा मारतायत. चहा घशाखाली उतरेना.

मग त्यांची सून आतून आली, तिने सहा वर्षाच्या पोराला हाक मारली, "होयो, काले!" होयो म्हणजे आई. काले म्हणजे ये. आई पोराला 'आई' म्हणून हाक मारतेय. तेवढ्यात बाप आला, तो त्याच पोराला 'आब्बो', म्हणजे बाबा. आजोबांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि 'अवोवे'. पोरगं एक, आणि पाच मिनिटात ते आई झालं, बाबा झालं, आजोबा झालं.

तर सिस्टीम अशी आहे. मोठा माणूस लहानाला हाक मारताना स्वतःचं नातं वापरतो. आई लेकराला 'होयो' म्हणते म्हणजे 'मी तुझी आई बोलतेय रे'. काका पुतण्याला 'अदेर' म्हणतो म्हणजे 'मी तुझा काका'. मुलगा असो मुलगी असो, शब्द बदलत नाही, कारण तो शब्द ऐकणाऱ्याचा नाहीच, बोलणाऱ्याचा आहे. आई मुलीलाही होयोच म्हणते आणि बाप मुलीलाही आब्बोच. आपल्याकडे पुसटसं आहे असं काहीतरी, आपण पोराला 'अरे बाबा' म्हणतो, लाडात पोरीला 'माझी आई ती' म्हणतो, विदर्भात तर प्रत्येक वाक्यात माय आणि बाप्पा. पण आपण ते गमतीत किंवा वैतागून, हे रोज, सिरियसली, दिवसभर.

म्हणजे म्हातारबाबांनी मला अदेर म्हटलं तेव्हा मला माफी मिळालेली होती, आणि मी तिथे चहा गार करत बसलो होतो.

यातून एक युक्ती निघते ती लिहून ठेवा. मोठं माणूस तुम्हाला ज्या शब्दाने हाक मारतं तोच शब्द परत करा. ते अदेर म्हणाले, तुम्ही अदेर म्हणा. बाई एद्दो म्हणाली, तुम्ही एद्दो. आईच्या वयाची बाई तुम्हाला होयो म्हणाली तर तुम्ही पण होयो म्हणू शकता, आणि त्या खूश होतात. म्हणजे नातं काय आहे ते शोधायचं टेन्शनच नाही, त्यांनी ठरवलेलं असतं, तुम्ही फक्त ऐकायचं. म्हणून मी नवीन पोरांना सांगतो, दुकानात शिरल्या शिरल्या हाक मारू नका, 'अस्सलामु अलैकुम' म्हणा, ते सगळ्यांना चालतं, मग 'इस्का वर्रन?' म्हणजे काय खबर, कसं काय (वरणभातातलं वरण लक्षात ठेवा, मी तसंच ठेवलं), उत्तर येईल 'नबद', म्हणजे शांती, सगळं ठीक, आणि त्या उत्तराच्या मागे एक शब्द येईल. तोच तुमचा शब्द.

ही युक्ती एका ठिकाणी फसते, आणि नेमकी बाई-पुरुषांच्या मध्येच फसते. बरोबरीच्या वयात वलालशिवाय अजून दोन शब्द आहेत. 'अब्बोवे' म्हणजे दादा आणि 'अबायो' म्हणजे ताई. (अबायो म्हणजे अबाया नावाचा तो अंगभर झगा नाही, तो वेगळा, मी हसून घेतलंय, तुम्ही हसू नका.) तुमच्यापेक्षा लहान मुलगी तुम्हाला अब्बोवे म्हणाली तर ती तुम्हाला दादा म्हणतेय, तुम्ही तिला उलट अब्बोवे म्हटलंत तर खरं म्हणजे चुकत नाही, थोरला भाऊ धाकट्या बहिणीला तसं म्हणतोच, पण मग तुम्ही थोरलेपणा घेतलात. आणि ती तुमच्यापेक्षा मोठी असून नुसता मान म्हणून अब्बोवे म्हणत असेल तर अजूनच पंचाईत, ती मान देतेय आणि तुम्ही तिला धाकटी करून टाकलंत. अशा वेळी 'अबायो' म्हणा. ती दादा म्हणते, तुम्ही ताई म्हणा, आपल्याकडे चाळीत दोन अनोळखी माणसं एकमेकांना दादा-ताई करतात तसंच, वयाचा हिशोब कोणी काढत नाही. मोगादिशूकडचे लोक अब्बोवेचं नुसतं 'बोवे' करतात, ते पोरांचं बोलणं. अबायो बायका आपसात तर सारख्याच म्हणतात, दोन मैत्रिणी बोलताना दर तिसरा शब्द.

नावाने हाक मारायची का? मारतात, बरोबरीच्या लोकांत बिनधास्त. आणि नावालाही शेपूट लागतं, पुरुषाला 'ओव' आणि बाईला 'एय', 'ओय' असं काहीतरी. अहमदचा अहमदोव, अलीचा अलीयोव, फादुमोची फादुमोय. आपल्या रामाचा 'रामा' आणि सीतेची 'सीते' होते तोच प्रकार, संबोधन विभक्ती, शाळेत पाठ केलेली. सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन, ज्यांनी वीस वर्षं ब्रिटिशांना पळवलं, त्यांनी १९१३ मध्ये लढाईत मारल्या गेलेल्या कॉरफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावर कविता केली, त्यात त्या मेलेल्या साहेबाला हाक आहे 'कोफिलोव'. साहेबालाही शेपूट लावलं. मोठ्या माणसाला नुसतं नाव आणि शेपूट मात्र नको, आधी अदेर किंवा एद्दो लावा मग नाव.

आणि लिहिलेलं नाव वाचताना दचकू नका. सोमालीला १९७२ मध्ये रोमन लिपी अधिकृत झाली, आणि त्यात एक्स हे अक्षर म्हणजे घशातला ह, सी म्हणजे अरबीतला ऐन, डी-एच म्हणजे आपला ड. त्यामुळे व्हॉट्सॲपवर जे तुम्ही 'क्सासन' वाचताय तो हसन आहे आणि 'काली' वाचताय तो अली आहे. मी एका अलीला महिनाभर बिलावर काली लिहून पाठवत होतो, गोराच होता बिचारा.

बायकांच्या नावाबद्दल आपली खास मराठी चूक होते ती सांगतो. सोमाली नाव म्हणजे स्वतःचं, मग वडिलांचं, मग आजोबांचं, आडनाव नाही. आपण मधलं नाव बघितलं की बाईच्या बाबतीत लगेच नवऱ्याचं समजतो. तिथे लग्नानंतर बाईचं नाव बदलतच नाही, ती बापाच्या कुळाचीच राहते. सोमालीलँडमधल्या हर्गेसा शहरात हॉस्पिटल काढणाऱ्या एडना अदान इस्माईल, त्यांचा नवरा मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल, जो १९६७ ते १९६९ सोमालियाचा पंतप्रधान होता. पंतप्रधानाची बायको असूनही त्या मिसेस एगाल झाल्या नाहीत, एडना म्हणजे अदानची मुलगी, इस्माईलची नात, बस. तेव्हा 'मिसेस अमुक' असं नवऱ्याचं नाव लावून कुणाला हाक मारू नका, तिला वाटेल तुम्ही तिच्या सासऱ्याला नाहीतर दुसऱ्याच कुणाला शोधताय. मी एकदा एका बाईला तिच्या मधल्या नावावरून 'तुमचे मिस्टर आहेत का दुकानात' असं विचारलं, ते मधलं नाव तिच्या वडिलांचं निघालं आणि ते वारलेले होते. पुढे काय बोलावं सुचेना.

नवरा-बायको एकमेकांबद्दल कसं बोलतात हे मला सगळ्यात जास्त घरचं वाटलं. पुरुष चारचौघांत बायकोबद्दल 'रेर' म्हणतो, म्हणजे कुटुंब, घर. आपले आजोबा 'आमचं कुटुंब गावाला गेलंय' म्हणायचे तसंच. 'हास' हा शब्दही आहे, 'हास्कयगा' म्हणजे माझी बायको, नीट मानाने. बायको नवऱ्याला 'ओदय' म्हणते, म्हातारा किंवा वडीलधारा, तो पस्तिशीचा का असेना, आणि तो तिला 'इस्लान' म्हणजे म्हातारी. लोक हे प्रेमाने म्हणतात. पण तुम्ही दुसऱ्याच्या बायकोची चौकशी करताना 'तुझी बायको कशी आहे' असं नाही विचारायचं, 'रेरका का वर्रन?', घरच्यांची काय खबर, एवढंच. त्यात बायको, पोरं, आई सगळं आलं आणि समोरचा पण खूश.

'इस्लान' हा वयस्क बाईबद्दल बोलताना मानाचा शब्द आहे, 'ती इस्लान आली होती' म्हणजे त्या आजी आल्या होत्या. याउलट नुसतं 'हबर' म्हणजे 'ती म्हातारी', खडबडीत. आणि 'नाग' म्हणजे बाई, डिक्शनरीत पहिला हाच शब्द सापडतो, काही भागात साधा वापरतात पण बाहेरच्याने वापरला की टोचतो. गंमत म्हणजे याच 'हबर'वरून मोठमोठ्या कुळांची नावं आहेत, हबर अवल, हबर गिदिर, हबर जेअलो, म्हणजे अमक्या आईची लेकरं. बापाच्या नावाने चालणाऱ्या समाजात पाटी आईच्या नावाची. एकट्याने उभा राहिला तर उद्धट, जोडीला शब्द मिळाला की मानाचा, असा हा हबर.

हात मिळवायचा का? पुरुष पुरुषांत हो, लांब, सोडतच नाहीत. बाईपुढे पुरुषाने आपणहून हात करायचा नाही, हे धर्मामुळे आहे. माझा हात मी एकदा केला होता पुढे, नेमक्या त्याच सुनेसमोर, तिने हसून स्वतःचा हात छातीवर ठेवला आणि मान किंचित झुकवली. माझा हात हवेत. तेव्हापासून मी पण हात छातीवर ठेवतो, आपल्या नमस्काराच्या जवळचंच आहे, आणि तीने आपणहून हात पुढे केला तरच मिळवायचा. तुम्ही बाई असाल तर उलट, सोमाली बायका गळ्यात पडतील, आणि पुरुषांच्या बाबतीत वरचा नियम उलटा करून वाचा.

ऑफिस, मीटिंग, पत्र असेल तर 'मुदने' म्हणजे श्रीयुत आणि 'मर्वो' म्हणजे श्रीमती. राष्ट्राध्यक्षांची बायको 'मर्वादा कोवाद', पहिली मर्वो. खुद्द राष्ट्राध्यक्ष 'मदहवेने', शब्दशः मोठं डोकं, यावर मी काही बोलत नाही. शिक्षकाला 'मअल्लिन', शिक्षिकेला 'मअल्लिमद', हजला जाऊन आलेला हाजी आणि आलेली हाजियद. हे शब्द मिळाले तर नातं सोडून हेच वापरा, लोकांना आवडतं.

सरकारने एकदा हे सगळं बदलायचा प्रयत्न केला होता. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये लष्करी बंड करून सियाद बारे सत्तेवर आले, समाजवाद आला, कुळाभिमान संपवायचा म्हणून 'इनादेर', म्हणजे चुलतभाऊ, जो शब्द पुरुष आपल्या कुळातल्या माणसाला सारखा लावतात, तो बंद, आणि सगळ्यांनी एकमेकांना 'जाल्ले' म्हणायचं, कॉम्रेड. बाईही जाल्ले, पुरुषही जाल्ले. १९९१ मध्ये सरकार गेलं आणि जाल्लेही गेला, इनादेर जिथे होता तिथेच. म्हातारबाबांना विचारलं तर ते हसतात, म्हणतात ऑफिसात जाल्ले होतो, जेवायला घरी आलो की अदेर.

मस्करीतले दोन शब्द जपून. 'सेद्दी' म्हणजे मेहुणा, पोरं एकमेकांना म्हणतात, पण त्यात कुणाच्या तरी बहिणीचा विषय येतो, तेव्हा आपण बाहेरच्याने नको. आणि टोपणनावं, 'नानैस' म्हणतात, ती सोमालीत सगळ्यांना असतात आणि तोंडावर असतात, उंच्या, काळ्या, मोठ्या तोंडाचा. सियाद बारेंनाच लोक 'अफवेने' म्हणायचे, मोठ्या तोंडाचा. २०१७ ते २०२२ चे राष्ट्राध्यक्ष 'फर्माजो', इटालियनमधलं चीज. पण बाईचं टोपणनाव घरच्यांच्या तोंडी ऐकलं म्हणून तुम्ही वापरायचं नाही, तिने स्वतः सांगितल्याशिवाय. पुरुषाचं वापरलंत तर बहुतेक हसून सोडतील.

शेवटचं फोनचं. फोनवर चेहरा नाही, वय नाही, कधी कधी आवाजावरून बाई की पोरगा ते पण कळत नाही, ऑर्डरचा फोन येतो नवीन नंबरवरून. मी सलाम करून 'वलाल' म्हणतो आणि गप्प बसतो. परवा असाच एक फोन, लाईन खराब, ओआरएसचे किती बॉक्स हवेत ते पण ऐकू येईना, पलीकडून खरखरीत आवाज, मी वलाल वलाल करतोय, आणि मध्येच स्पष्ट ऐकू आलं, "होयो, इ धेगेसो", म्हणजे बाळा, ऐक माझं. मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. म्हटलं, हो होयो, सांगा, किती बॉक्स.